बाई, एक विचारायचं होतं

मार्चचा अंक म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आणि आंब्याला कैऱ्या धरलेल्या. या दिवसांत माझ्याकडे येणारी पत्रं साधारण तीन जातींची असतात. ‘बाई, हा कुठला पक्षी?’, ‘बाई, हे पुस्तक मुलांना द्यावं का?’ आणि ‘बाई, हे देवाला चालेल का?’ यंदा बऱ्याच जणांनी तिन्ही प्रश्न एकाच पाकिटात घातलेत. मीही ते निवडून वेगळे काढत बसले नाही. माझ्या स्वतःच्या दिवसात तरी ते कुठे वेगळे असतात? सकाळी वाडीत पाखरं, दुपारी मिटवून ठेवलेलं पुस्तक, संध्याकाळी रोझरी.

बाई, आमच्याकडे पहाटे उजाडायच्या आधीपासून एक काळा-पांढरा पक्षी शीळ घालतो. गळा फार गोड आहे. पण तोच पक्षी दिवसभर माझ्या स्कूटरच्या आरशाला चोची मारत बसतो. चोच फुटेल अशी भीती वाटते. आई म्हणते, हा अपशकुन आहे. काय करू?
— एक वाचक, केळवे

तुमच्याकडे येतो तो दयाळ. नर काळा-पांढरा आणि शेपूट उभारून बसणारा. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो. थंडीत हा पक्षी जवळपास मुका असतो, फार तर झुडपातून चर्र असा आवाज काढतो. उन्हाळ्याची चाहूल लागली की सुपारीच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या खांबावर बसून गायला लागतो. नीट ऐका, तो एकच ओळ घोळवत नाही. मधूनच दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही उचलतो.

आरशात त्याला स्वतःचं रूप दिसत नाही, हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो. त्याला हाकलल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. स्कूटर उभी केली की दोन्ही आरशांवर कापडी पिशवी चढवा, एवढंच. खिडकीच्या काचेशी भांडत असेल तर कागद बाहेरून लावा. आतून पडदा ओढल्याने काचेत उलट जास्त स्पष्ट दिसतं. विणीचा हंगाम संपला की तो आपोआप थांबेल.

आईंना सांगा, अपशकुन नाही. त्याने तुमचं परसदार संसारासाठी पसंत केलंय. जवळपास झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, जुन्या पाइपाचं तोंड असं काही असेल, तिथे घरटं सापडेल. आमच्या वाडीत बावखलाशेजारी, म्हणजे पाण्याच्या तळ्याशेजारी, पंपाची खोली आहे. वायर आत घ्यायला भिंतीत पाडलेल्या भोकात दयाळ घर करतो, आणि त्या दिवसांत मोटर चालू करायला जाणारा घरातला प्रत्येक जण दार हळूच लोटतो. कोणी कोणाला सांगावं लागत नाही.

जय ख्रिस्त, बाई. माझा मुलगा नववीत आहे. आजोबांच्या पेटीत बाबूराव अर्नाळकरांची जुनी पुस्तकं सापडली, तेव्हापासून झुंजार आणि काळा पहाड यांच्याशिवाय त्याला काही सुचत नाही. आमच्या प्रार्थनागटातल्या एक जण म्हणाल्या, ‘उपवासकाळात खून-दरोड्याची पुस्तकं घरात चालतातच कशी?’ मला उत्तर देता आलं नाही. काढून घेऊ का?
— एक आई, निर्मळ

काढून घेऊ नका. पेटीत अजून असतील तर तीही ऊन दाखवून, झटकून त्याला द्या.

अर्नाळकर आपल्याच किनाऱ्याचे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. निर्मळहून तुमचा मुलगा सायकलने जाईल इतक्या जवळच्या अर्नाळ्याचं नाव त्यांनी लावलं आणि हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली. धडा वाचताना ज्यांच्या डोळ्यांवर झापड यायची ती मुलं अर्नाळकर एका रात्रीत संपवून सकाळी दारात दुसरं मागायला उभी असत. वाचायची गोडी ज्या दाराने आली, ते दार बंद करायला मी कोणत्याच आईला सांगणार नाही.

आता प्रार्थनागटाचं. त्या बाईंना मान देऊनच सांगा, की खुनाच्या आणि चोरीच्या तपासाच्या गोष्टी आपल्या पवित्र शास्त्रातच आहेत. आज रात्री जेवणं झाली की दानिएलचं पुस्तक काढा आणि तेरावा अध्याय मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. बाबिलोनमधल्या सुसान्नावर दोन वजनदार न्यायाधीश खोटा आळ घेतात. बागेत एका तरुणाबरोबर तिला पाहिलं, अशी साक्ष देतात. दोघे वडीलधारे, दोघांचं बोलणं जुळतं, लोक विश्वास ठेवतात आणि तिला मरणाची शिक्षा होते. तिला नेत असताना गर्दीतून दानिएल नावाचा पोरगा ओरडतो, की या रक्ताचा भागीदार मी होणार नाही. तो दोघांना वेगवेगळं उभं करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाखाली पाहिलंस? एक जण एक झाड सांगतो, दुसरा भलतंच. संपलं. साक्षीदार एकमेकांपासून दूर ठेवून तपासायचे, ही आजची कोर्टातली आणि पोलिसांची रीत तिथे जशीच्या तशी दिसते.

चौदावा अध्याय तर मला त्याहून आवडतो. बेल या मूर्तीपुढे रोज पोत्यांनी पीठ, चाळीस मेंढ्या आणि द्राक्षारस ठेवतात. सकाळी सगळं फस्त. राजा म्हणतो, बघ, देव जेवतो. दानिएल हसतो. राजाच्या देखत तो देवळाच्या फरशीवर बारीक राख पसरतो, मग दाराला राजाच्या अंगठीची मोहोर लागते. सकाळी मोहोर शाबूत, ताटं रिकामी. राजा आनंदाने ओरडणार तोच दानिएल त्याचा हात धरून म्हणतो, आधी जमिनीकडे बघ. राखेत पुरुषांची, बायकांची, पोरांची पावलं उमटलेली. सत्तर पुजारी बायकामुलांसकट मेजाखालच्या चोरदरवाजाने रात्री येऊन जेवत होते. (रत्नागिरी-वेंगुर्ल्याच्या माझ्या प्रॉटेस्टंट वाचकांनी हे दोन अध्याय आपल्या प्रतीत शोधू नयेत. ते कॅथलिक आवृत्तीत आहेत. शेजारच्यांकडून मागून घ्या. तुमच्या प्रतीत शलमोनाचा आणि दोन आयांचा निवाडा आहेच, तोही काही कमी नाही.)

मुलाला इंग्रजी जमत असेल तर आणखी दोन माणसांची ओळख करून द्या. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू. १९४०च्या दशकात त्यांनी एकट्याने बायबलचं भाषांतर पूर्ण केलं. त्याआधी ते रहस्यकादंबऱ्या लिहीत आणि १९२९ साली त्यांनी रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. वाचकापासून पुरावा लपवायचा नाही, गुप्तहेराला योगायोगाने उत्तर सापडता कामा नये, आणि एका गोष्टीत एकाहून अधिक चोरवाट नको. बेलच्या देवळात एकच आहे, हे मुलाला मोजायला सांगा. दुसरे इंग्रजी लेखक चेस्टरटन. त्यांचा फादर ब्राऊन १९११ साली पुस्तकात आला. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, छत्री विसरणारा धर्मगुरू, जो गुन्हेगाराला ओळखतो कारण पापनिवेदन ऐकून ऐकून त्याला माणसाच्या मनातले कोपरे माहीत आहेत. तो चोराला पकडतो, पण त्याहून जास्त त्याला चोराच्या परतण्याची आस असते. चेस्टरटन स्वतः कॅथलिक झाले ते १९२२मध्ये, म्हणजे फादर ब्राऊन त्यांच्या आधी अकरा वर्षं चर्चमध्ये होता.

सगळीच रहस्यकथा चांगली, असं मी म्हणणार नाही. ज्या पुस्तकात मेलेल्या माणसाबद्दल कोणालाच हळहळ नाही, ज्यात बाईच्या अंगाची वर्णनं पानोपान आणि तपास दोन ओळींत, ते बाजूला ठेवावं. उपवासकाळात नव्हे, कायमचं. पण चांगल्या रहस्यकथेत एक जीव गेला म्हणून सगळं जग थांबतं. कोणीतरी म्हणतं, हे असं सोडून देता येणार नाही. खोट्या आळातून निरपराध माणूस सुटतो. नववीतल्या मुलाने हे वाचावं, असंच मला वाटतं.

आणि त्याला स्वतःहून वाटलं, की चाळीस दिवस झुंजारला हात लावायचा नाही, तर तो त्याचा त्याग. तो त्याचा त्याला करू द्या. आईने कपाटाला कुलूप घालून घडवलेला त्याग देवाच्या काय कामाचा?

बुलबुलाचं पिल्लू जास्वंदीखाली पडलंय. पिसं आहेत पण उडता येत नाही. हात लावला तर आईबाप टाकतात म्हणे. घरात आणून दूध पाजू का?
— एक वाचक, देवगड

दूध अजिबात नको. चोचीत पाणीही ओतू नका, ते श्वासनळीत जातं. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं. ते घरट्यातून बाहेर निघालेलं असतं आणि आईबाप जवळच किडे घेऊन तुम्ही जायची वाट बघत असतात. माणसाचा हात लागला म्हणून ते पिल्लू टाकत नाहीत. उचलून जास्वंदीच्या दाट फांदीवर ठेवा, मांजर घरात कोंडा आणि लांब व्हा. पिसंच नसलेलं पिल्लू असेल तर घरटं शोधून परत आत ठेवा.

बाई, मंडळी देवाघरी जाऊन पावसाळा उलटला. मी निवृत्त पोस्टमास्तर. मुलगी मुंबईहून फोन करते, ‘पप्पा, मिस्साला गेलात का?’ मी जात नाही. ‘नमो मारिया’ म्हणायला घेतलं की ‘आमच्या मरणाच्या वेळी’ या शब्दांपाशी जीभ अडते. सकाळी पडवीत बसून पाखरं बघतो. दिव्याच्या वायरीला शिंजिराने घरटं बांधायला घेतलंय. ती वायर हिनेच ओढून घेतली होती. रात्री झोप येत नाही म्हणून वाचनालयातल्या रहस्यकादंबऱ्या वाचतो. मागीलदारी कोण आलं-गेलं याचंही भान नसतं. माझा विश्वास गेला, असं समजायचं का?
— एक वाचक, वेंगुर्ले

नाही, मास्तर.

तुमचं पत्र मी बरेच दिवस उशाशी ठेवलं होतं. घाईने उत्तर देण्यासारखं ते नाही.

आधी शिंजिराचं बोलू. घरटं बांधते ती मादी. नर रंगीत, तो नुसता सोबत करतो, येतो-जातो. ती कोळ्याची जाळी चोचीत गुंडाळून आणते आणि त्यात सालींचे तुकडे, सुकी पानं, सुरवंटाची विष्ठासुद्धा चिकटवते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने कचरा अडकलाय. तेच तिचं संरक्षण. पण जवळून बघा. वरच्या बाजूला एका अंगाला दार, दारावर पावसापासून आडोसा म्हणून पुढे आलेली छोटी वळचण, आणि आत मऊ कापूस. अंडी घातली की ती आत बसते आणि दारातून फक्त तिची बाकदार चोच दिसते. तो दिवा तेवढा तोवर लावू नका. पडवीत उजेड हवाच असेल तर दुसरीकडे सोय करा.

आता बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याकडे या. १ राजे, सतरावा अध्याय. दुष्काळात एलिया ओढ्याकाठी लपला, तेव्हा देवाने त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस पाठवलं ते कावळ्यांकरवी. लेवीयच्या पुस्तकात ज्याला अशुद्ध म्हटलंय, तोच पक्षी. आणि पुढे एकोणिसाव्या अध्यायात हाच एलिया रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, ‘पुरे झालं, आता माझा प्राण घे,’ आणि झोपी जातो. देवदूत येतो. तो त्याला उपदेश करत नाही, विश्वास कुठे गेला विचारत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलेलं. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा तेच: खा, वाट लांब आहे.

तुमच्या पडवीत सकाळी जे येतंय, ते तसंच आलंय असं मी मानते. तुम्ही ते बघताय, म्हणजे घेताय. आज एवढं पुरे.

रात्रीच्या पुस्तकांबद्दल तुम्हाला लाज का वाटावी? माझे वडील गेले तेव्हा मीही असंच वाचत सुटले होते. मला वाटतं, त्या पुस्तकांत मरणाला कारण सापडतं. कोणी केलं, का केलं, कसं केलं, हे शेवटच्या पानावर सगळं लागतं. आपल्या घरातल्या मरणाचं तसं काही लागत नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं कारण खरं असतं, पण आपला प्रश्न तो नसतोच. म्हणून माणूस रात्री दोन वाजता निदान एक तरी मरण उलगडलेलं बघायला जातो. त्यात विश्वास नसल्याची खूण मला दिसत नाही. सत्य असतं आणि ते शोधलं पाहिजे, हे ज्याच्या मनातून गेलेलं नाही, तोच असं वाचतो.

ईस्टरच्या पहाटेची गोष्ट योहानाने कशी सांगितलीय ते पुन्हा वाचा, विसावा अध्याय. धोंडा सरकलेला. तागाची वस्त्रं पडलेली, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एका बाजूला गुंडाळून ठेवलेला. शिष्य ते बघतात आणि घरी जातात. मारिया मग्दालिया मात्र तिथेच रडत उभी राहते. येशू समोर उभा असूनही तिला तो माळी वाटतो. पुराव्यावरून तिला काही उलगडत नाही. तो ‘मारिया’ अशी हाक मारतो, तेव्हा ती ओळखते. ती हाक येईपर्यंत तिने काय केलं? रडली आणि तिथून हलली नाही. तुम्हीही हललेले नाही, मास्तर. हललेल्या माणसाने मला असं पत्र लिहिलं नसतं.

एक सुचवते, जमलं तर बघा. रविवारी चर्चला जाऊन मागच्या बाकावर नुसते बसा. रोझरी चालू असेल तर तोंडाने म्हणू नका. ‘आमच्या मरणाच्या वेळी’ आलं की तुमची जीभ अडेल, पण शेजारचा म्हणेल. तो ‘माझ्या’ म्हणत नाही, ‘आमच्या’ म्हणतो. त्यात तुम्हीही आलात, आणि तुमच्या मंडळीही. घरी काही वाचावंसं वाटलं तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठेही उजाडत नाही, आणि तरी आपल्या पूर्वजांनी ते प्रार्थनांमध्ये ठेवलं.

मुलीला फोनवर शिंजिराची बातमी रोज द्या. अंडी घातली का, पिल्लं निघाली का. तिचीही आई गेलीय. तिलाही तुमच्याशी दुसरं काय बोलावं ते सुचत नसेल, म्हणून ती मिस्साचं विचारते.

मी संडे स्कूलला शिकवते. मत्तयात दोन चिमण्या एका नाण्याला मिळतात, लूकमध्ये पाच चिमण्या दोन नाण्यांना. एका मुलीने विचारलं, ‘टीचर, हिशेब चुकलाय का?’ शिवाय २० मार्चला चिमणी दिन आहे, मुलांकडून काही करून घ्यायचंय.
— एक वाचक, रत्नागिरी

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. अशी वाचणारी मुलगी उद्या उत्तम रहस्यकथा लिहील.

हिशेब बरोबर आहे. एका नाण्याला दोन, मग दोन नाण्यांना चार व्हायला हव्या होत्या. पाचवी वर घातलेली. चिमण्या हे गरिबांचं खाणं होतं आणि ते नाणं तांब्याचं, अगदी हलकं. दिवसाच्या मजुरीच्या एका दीनारात तशी सोळा येत. जास्त घेणाऱ्याला विकणारा एक चिमणी फुकट द्यायचा, म्हणजे त्या पाचवीला बाजारात किंमतच नव्हती. आणि लूक तिथेच लिहितो, की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. मुलांना पाच चिमण्या फळ्यावर काढायला सांगा आणि पाचवीला नाव ठेवायला सांगा.

चिमणी दिन २०१०पासून पाळतात. त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचं काम आहे. मुलांना त्या दिवशी रेव्हरंड टिळकांची जखमी पक्षिणीवरची कविताही वाचून दाखवा. ते तुमच्याच जिल्ह्यातले, जन्म करजगावचा, १८६१ सालचा. बापड्या पाखराचं दुःख मराठीत इतक्या जवळून फार थोड्यांनी पाहिलंय.

करून घ्यायचं तर लाकडी खोके करा. चिमणी भिंतीतल्या भोकात, कौलाखाली, फोटोमागे घर करणारी. कौलं गेली, स्लॅब आले, तिच्या जागा गेल्या. खोक्याला भोक ३२ मिलिमीटरचं ठेवा. चिमणी जाते, मोठे पक्षी जात नाहीत. भोकाखाली बसायला काडी लावू नका, तिचा उपयोग कावळ्यालाच होतो. रंग आतून देऊ नका. तळाला दोनतीन बारीक भोकं पाडा, पाणी निघून जायला. छपराची फळी उघडता येईल अशी ठेवा, म्हणजे विणीनंतर साफ करता येईल. दोन माणूस उंचीवर, भिंतीला, पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा अंगाला टांगा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून मारतो, हे कोकणातल्या मुलांना सांगायला नकोच. शेजारी मातीची पसरट परळ ठेवून पाणी रोज बदला.

आणि खोक्याच्या आसपासच्या झाडांवर औषध फवारू नका. मोठी चिमणी दाणे टिपते, पण पिल्लांना ती किडे आणि अळ्याच भरवते. पहिल्या वर्षी खोका रिकामा राहिला तर मुलांना काढू देऊ नका, तिथेच असू द्या.